पेट्रोलचा वास

कौलारू घरात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. पाणी जिथे ठिबकतं, कौल तिथे फुटलेलं नसतं. वर कुठेतरी वानराने उडी मारून कौल सरकवलेलं असतं. तिथून शिरलेलं पाणी रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर, मग वाशाच्या पोटाला चिकटून चार हात खाली सरकतं आणि एखाद्या गाठीपाशी पोचल्यावर त्याला वाटतं, आता पडावं. आपण नेमकी तिथे बादली ठेवतो. बादली ठेवली म्हणजे गळती निघाली, असं आमच्या देवरुखात शेंबडं पोरही म्हणणार नाही. पण मोटरसायकलचं पेट्रोल गळायला लागलं की भलेभले लोक जिथे ओलं दिसतं तिथेच पाना घेऊन बसतात. गंमतच आहे!

तर मंडळी, विषय आमच्या हिरो होंडाचा आहे. नातेवाइकांना ती चांगली माहीत आहे (निम्मे भाचे तिच्यावरच गाडी शिकले, आणि एक जण तिच्यासकट पऱ्ह्यात गेला, नाव सांगत नाही). बाकीच्यांसाठी थोडी ओळख. सीडी १००, काळी, १९९३ साली घेतलेली. तेव्हा मी देवरुखपासून दहा-अकरा किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. त्याआधी एसटी, आणि एसटी चुकली तर चालत. हिरो आणि होंडा या दोन कंपन्या १९८४ मध्ये एकत्र आल्या आणि १९८५ मध्ये सीडी १०० बाजारात आली. त्या वेळी रस्त्यावर राजदूत आणि येझदीचं राज्य होतं, धूर आणि फटफटाट. त्यांच्यापुढे ही शंभरालाही जरा कमीच असलेल्या सीसीची, फोर स्ट्रोक, गुपचूप चालणारी गाडी म्हणजे लोकांना सुरुवातीला खेळणंच वाटलं होतं. पण मास्तर लोकांनी पेट्रोलचा हिशेब केला आणि बघता बघता शाळाशाळांच्या आवारात हीच दिसायला लागली. पुढे २०१० च्या डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी फारकत जाहीर केली. मीही त्याच वर्षी निवृत्त झालो. गाडी मात्र निवृत्त झाली नाही.

ती उभी असते पडवीत. आमची पडवी ओटीपेक्षा दोन पायऱ्या खाली आहे, आणि पडवीच्या तोंडाशीच तुळशीवृंदावन. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

२०२५ च्या श्रावणात पडवीत पेट्रोलचा वास यायला लागला. आधी सकाळी सकाळी, मग दिवसभर. इंजिनाच्या पोटाखाली, गिअरच्या खटक्यापाशी ओलसर. बोट लावून हुंगलं तर पेट्रोलच. सौ.ने दुसऱ्याच दिवशी तुळशीपुढचा दिवा बंद केला. ओटीवरची समई आत देवघरात नेली आणि देवघराचं दार लोटून घ्यायला लागली. ऐन श्रावणात तुळशीपुढे अंधार! मला काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

हिच्या माहेरी १९७० साली हिची मावशी स्टोव्ह भडकून गेली. पंपाचा पितळी स्टोव्ह. ही तेव्हा पंधरा वर्षांची, चहाचं आधण ठेवायला मावशीला मदत करत शेजारी उभी. पुढचं मी लिहीत नाही. पंचावन्न वर्षं झाली. आमच्या घरात पंपाचा स्टोव्ह कधी आला नाही. गॅस नव्हता तेव्हा चूल होती आणि वातीचा स्टोव्ह होता, पण पंपाचा नाही. रॉकेलचा, पेट्रोलचा वास आला की ही गप्प होते. त्यामुळे "काही होत नाही गं" असं वाक्य या विषयावर मी कधी उच्चारलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर होण्यासारखं असतंच. पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते, आणि ही वाफ व्हायला ऊन लागत नाही. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेटायला तयारच बसलेलं. वर ती वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती उडून जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखी सखल जागा शोधते. आमची पडवी दोन पायऱ्या खाली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर हिचं दिवा न लावणं हे निव्वळ भीतीपोटी होतं असं कोण म्हणेल?

चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, आता पुरे. स्क्रॅपला द्या. त्र्याहत्तराव्या वर्षी तुम्हाला मोटरसायकल कशाला?" मी फोन हिच्याकडे दिला. मला वाटलं, ही त्याच्याच बाजूने बोलणार. तर म्हणाली, "गाडी नको विकायला. वास तेवढा घालवायला सांग त्यांना." फोन ठेवून आत गेली. अहो, इतकी वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतका स्वच्छ प्रश्न क्वचितच वाचला असेल.

गाडी आधी एका गॅरेजात नेली. त्यांनी बघताच सांगितलं, कार्बोरेटर ओव्हर मारतोय, निडल गेली. नवी निडल बसवली. चार दिवसांनी पुन्हा वास. परत नेली, पुन्हा निडल बदलली, खालच्या वाटीचं पॅकिंगही बदललं. तिसऱ्यांदा नेल्यावर म्हणाले, "पूर्ण कार्बोरेटरच नवा टाका काका, जुन्या गाडीला हे चालायचंच." मूळ कंपनीचा मिळणार नाही, दुसरा कुठला तरी बसवू, वगैरे. त्यांचाही फार दोष नाही म्हणा. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, इंजेक्शन आलं. गॅरेजातली विशी-बाविशीची पोरं गाडीला यंत्र जोडून पडद्यावर दोष वाचतात. आमच्या गाडीला जोडायला जागाच नाही!

माझा एक जुना विद्यार्थी आता इथेच छोटं गॅरेज चालवतो. इतिहासात पस्तीसच्या वर कधी गेला नाही, पण हात सोन्याचा. त्याला निरोप धाडला. संध्याकाळी आला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, आधी काही खोलायचं नाही. दोन दिवस नुसतं बघू." मला एकदम आवडलं. शोधताना पहिल्या फटक्याला खोललं की पुरावा नष्ट होतो, हे इतिहासातही खरं आहे.

आता कार्बोरेटर काय असतो ते थोडक्यात, कारण पुढचं कळायला हवं. संडासातली फ्लशची टाकी बघितली आहे ना? पाणी भरत आलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी कमी झालं की चेंडू खाली, नळ सुरू. कार्बोरेटरच्या पोटातली वाटी म्हणजे हीच टाकी. चेंडूच्या जागी फ्लोट, आणि नळ बंद करणारी टोकदार सुई म्हणजे निडल. समजा निडलखाली कचरा अडकला, नळ बंदच झाला नाही, तर वाटी भरून वाहू नये म्हणून तिच्यात एक बारीक पितळी नळी उभी केलेली असते. तिचं वरचं तोंड वाटीच्या काठाच्या आसपास. जास्तीचं पेट्रोल त्या तोंडातून आत पडतं आणि खालून बाहेर निघून जातं, इंजिनात शिरत नाही. गणपतीत पाण्याच्या पिंपाला आपण वर एक भोक ठेवतो, तसंच. वाटीच्या तळाला एक स्क्रू असतो, तो सैल केला की वाटीतलं सगळं पेट्रोल त्याच खालच्या वाटेने रिकामं होतं.

म्हणजे बाहेरच्या नळीतून पेट्रोल ठिबकलं तर ते तीन वाटांनी आलेलं असू शकतं. काठावरून ओसंडून, तळाच्या स्क्रूतून झिरपून, किंवा... तिसरी वाट नंतर सांगतो.

पहिलं काम, गाडी कोरडी करणं. मेन स्टँडवर सपाट जागी उभी केली, अंगणात, पडवीत नाही. बॅटरीची तार काढली. वाळूची बादली शेजारी. मग जुन्या धोतराच्या फडक्याने टाकीच्या पोटापासून इंजिनाच्या तळापर्यंत सगळं पुसून वाळवलं. आणि मग ही बाहेर आली आणि हातात रांगोळीचा डबा. म्हणाली, "वाळलेल्यावर भुरभुरवा. जिथून ओलं होईल तिथे रेघ उठेल." विद्यार्थी माझ्याकडे बघायला लागला. ही युक्ती तो टाल्कम पावडरने करतो, पण रांगोळीने कधी केली नव्हती. मिठाच्या चिमटीसारखी बारीक भुरभुरवली, कॉकवर, पाइपावर, वाटीच्या जोडावर, इंजिनावर.

कॉक सुरू करून थांबलो. वीस मिनिटांनी रांगोळी बोलली. कॉक कोरडा. टाकीचा सांधा कोरडा. रबरी पाइपाची दोन्ही टोकं कोरडी. वाटीचा जोड, जिथे गॅरेजवाल्यांनी पॅकिंग बदललं होतं, तो ठणठणीत कोरडा. इंजिनाच्या पोटावर मात्र एक ओली रेघ, आणि ती वर कुठे जाते ते बघितलं तर बाहेरच्या नळीच्या टोकाशी. नळीचं टोक क्लिपेतून निसटून इंजिनाला टेकलं होतं, त्यावरून पेट्रोल पसरत गिअरपाशी ठिबकत होतं. वासा आणि गाठ, दुसरं काय!

रात्री कॉक बंद करून नळीच्या टोकाला औषधाची छोटी बाटली बांधली. (कागदावर डाग बघत बसू नये. पेट्रोल उडून जातं आणि सकाळी कागद साळसूद दिसतो.) मी बाजूला खुर्ची टाकून बसलो. पहिली काही मिनिटं थेंब पडत राहिले, मग मंदावले, मग बंद. सकाळी बाटलीत तेवढंच, दोनेक चमचे. म्हणजे टाकी आणि कॉक सुटले. कॉक बंद असताना तो खरोखर बंद होता.

पण मला त्या दोन चमच्यांनी झोप लागू दिली नाही. जरा विचार करा. निडल खराब असेल आणि पेट्रोल काठावरून ओसंडत असेल, तर कॉक बंद केल्यावर पातळी नळीच्या तोंडाइतकी आली की थांबायला हवं, म्हणजे दोन-चार थेंबांत. इथे दोन चमचे गेले. अख्ख्या वाटीत मावून मावून मावणार किती? म्हणजे वाटी काठावरून नव्हे, बऱ्याच खालून रिकामी होत होती. आणि मग आणखी एक गोष्ट जुळली. गेले तीन आठवडे सकाळी गाडी सुरू करायला सात-आठ किका माराव्या लागत होत्या, मी तो पावसाळी गारठा समजून सोडून दिलं होतं. रात्रभरात वाटी अर्धी झाली तर सकाळी इंजिनाला प्यायला काय मिळणार?

सकाळी विद्यार्थ्याला हे सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, नळीची पातळी बघू या." मेडिकलमधून सलाईनची पारदर्शक नळी आणली. बाहेरच्या नळीच्या जागी ती जोडली, वर वळवून कार्बोरेटरच्या शेजारी उभी बांधली आणि तळाचा स्क्रू सैल केला. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पातळी सारखी राहते. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर दरवर्षी काचेच्या नळ्यांत निळं पाणी घालून हे दाखवायचे, आणि मुलं दरवर्षी तितक्याच थक्क चेहऱ्याने बघायची. इथेही तेच. वाटी लोखंडी पडद्याआड असली तरी तिच्यातलं पेट्रोल कुठवर आहे ते सलाईनच्या नळीत दिसायला लागलं. जोडाच्या रेषेच्या थोडं खाली येऊन ते थांबलं. स्केचपेनने खूण केली. चहा झाला. गप्पा झाल्या. तासाभराने बघितलं, खुणेला खूण.

म्हणजे निडल चोख काम करत होती. दोनदा बदललेली, निर्दोष निडल!

मग स्क्रू घट्ट आवळला, सलाईनची नळी खाली सोडली. मिनिटभरात टोकाला थेंब धरला.

आता राहिले दोन संशयित. एक, तळाचा स्क्रू नीट बसत नाही. दोन, ती तिसरी वाट, उभ्या पितळी नळीलाच मध्ये कुठेतरी चीर. दोघांचाही थेंब एकाच वाटेने बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून बघून फरक कळणं शक्य नाही. ठेवायचा कुणावर आळ?

वाटी खोलली. तळाशी पांढरट हिरवट गाळ होता, ओल्या राखेसारखा. विद्यार्थी म्हणाला, हे हल्ली सगळ्या जुन्या गाड्यांत बघतो. जरा विषयांतर करतो. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. उसवाल्यांचं भलं होत असेल तर आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय? पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि आठ-आठ दिवस उभ्या असलेल्या गाडीत तळ म्हणजे ही वाटी. जुनं रबर त्याने फुगतं, जुना धातू खातो. १९९३ च्या गाडीला घडवणाऱ्यांनी हे पेट्रोल गृहीत धरलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. असो.

वाटी स्वच्छ धुतली, वाळवली, स्क्रू घट्ट करून अंगणातल्या पाटावर दोन विटांवर ठेवली. खाली नळीशी औषधाची बाटली. हिच्या औषधांच्या डब्यातला ड्रॉपर घेतला (नवीन आणून दिला आहे, नोंद असावी) आणि वाटीत थेंब थेंब पेट्रोल सोडायला लागलो. तळ झाकला. थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बाहेर कोरडं. स्क्रू सुटला, निर्दोष. आणखी सोडलं. पाव वाटी. कोरडं. तिघेही वाकून बघत होतो. ही जरा लांब, पायरीवर, पण मान पुढे. जवळजवळ अर्ध्यावर पातळी आली आणि बाटलीत टप्प. पुन्हा टप्प. भरणं थांबवलं. पातळी किंचित उतरली आणि थेंब थांबले. पुन्हा दोन थेंब घातले, पुन्हा टप्प.

"तिथेच आहे," पायरीवरून आवाज आला.

वाचायचं भिंग आणलं, उन्हात धरलं. पितळी नळीला उभी चीर, केसासारखी, अर्ध्या उंचीपासून वर गेलेली. भिंगाशिवाय ती ओरखडासुद्धा वाटली नसती. त्या चिरेतून पेट्रोल आत झिरपायचं, वाटी जरा रिकामी झाली की निडल इमानेइतबारे उघडून पुन्हा भरायची, आणि हा कारभार कॉक सुरू असेपर्यंत चालायचा. निडल दहा वेळा बदलली असती तरी तिने दहाही वेळा हेच केलं असतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर ती शोधण्यापेक्षा फारच सोपी निघाली. मला पहिल्यांदा कल्हईवाला आठवला, पण वाटी जस्ताच्या मिश्रधातूची, तिला भात्याची धग दाखवली तर वितळून खाली यायची. इथे बाजारात एक गृहस्थ आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. दोन दिवस वाटी उन्हात आणि वाऱ्यावर ठेवली, वासाचा लवलेश राहिला नाही याची खात्री केली आणि त्यांच्याकडे नेली. त्यांनी पितळ बारीक कागदाने घासलं, इस्त्रीसारखा तो सोल्डरचा दांडा टेकवला आणि चिरेवर डाख दिला. पाच मिनिटांचं काम. पन्नास रुपये द्यायला गेलो तर म्हणाले, "चाळीस झाले." त्यांनी अख्ख्या आयुष्यात कुणाकडून जास्त घेतले नसावेत.

पुन्हा पाटावर वाटी, पुन्हा काठोकाठ पेट्रोल, सगळं अंगणाच्या टोकाला, वर ताटली झाकून. चोवीस तास बाटली कोरडी. मग पेट्रोलचा रबरी पाइप नवा टाकला, इथेनॉलला टिकणारा, आणि कॉकमधली रबरी चकतीही. इंजिनाच्या तेलाची काडी काढून हुंगली. तेलाला पेट्रोलचा वास आला असता तर तेल बदलल्याशिवाय किक मारायची नाही, असं विद्यार्थ्याने बजावलं होतं, कारण पेट्रोलने पातळ झालेलं तेल इंजिनाला आतून खातं. तसं काही नव्हतं. उभ्या नळीने चिरलेली असतानाही पेट्रोल बाहेरच काढलं होतं, आत जाऊ दिलं नव्हतं.

विद्यार्थी मजुरी घेईना. "सर, शाळेत तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलंत का?" मी म्हटलं, "अरे, तुझे छत्तीस मार्क सोडले तर काही नाही." शेवटी हिने दम दिला तेव्हा पाइपाचे पैसे घेतले. लाडवांचा डबा मात्र बिनतक्रार नेला.

आता गाडी दुसऱ्या किकेला सुरू होते. माझी धाव तशी बाजार, बँक आणि बुधवारचं वाचनालय एवढीच. लायसन्स पाच-पाच वर्षांनीच मिळतं, पुढच्या वेळी डॉक्टर काय म्हणतात त्यावर अवलंबून. चिरंजीवांनी बातमी ऐकून "चाळीस रुपये?" एवढंच विचारलं, आणि दिवाळीत आले तेव्हा न बोलता गाडीवरून एक चक्कर मारून आले.

तुळशीपुढचा दिवा? श्रावण तर गेला. गाडी दुरुस्त होऊन पडवीत आली त्या संध्याकाळी मी काही सुचवलं नाही. पुढचे चार दिवसही नाही. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला मी ओटीवर पेपर वाचत होतो, तर ही पडवीत उतरली. गाडीपाशी वाकली. कार्बोरेटरखाली बोट फिरवलं, हुंगलं. परत वर आली, हात धुतले आणि आतून निरंजन घेऊन बाहेर गेली.

त्यानंतर रोज लागतो. रात्री झोपायच्या आधी कॉक बंद आहे का ते मी बघून येतो. मी बघून आल्यावर ती बघून येते.